शिशाची अक्षरं

(जुन्या ख्रिस्ती दफनभूमीच्या राखणीसाठी जमलेल्या नव्या स्वयंसेवकांपुढं कोल्हापुरात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मंडळी, हॉलमध्ये शिरतानाच तिघांनी मला विचारलं, ‘सर, थडगी घासायला ॲसिड कुठलं आणू?’ त्या ॲसिडवर मी येणारच आहे. पण त्याआधी दुसरा एक प्रश्न, जो तुम्हाला उद्यापासून रोज ऐकायला लागणार आहे. तुम्ही फाटकातून आत जाताना पलीकडचा चहावाला विचारेल, ‘तुमचं कोण पुरलंय तिथं?’

माझं कुणी नाही. मी जन्मभर सिटी सर्व्हेत जमिनी मोजल्या, जात माळकऱ्याची, आमच्यात पुरत नाहीत. पहिली दोन वर्षं मी या प्रश्नाला काहीतरी थातुरमातुर उत्तर द्यायचो. आता चहावाल्याला फ्लॉरेन्सची गोष्ट सांगतो.

आपले कोल्हापूरचे छत्रपती, दुसरे राजाराम महाराज, १८७० साली विलायतेला गेले होते. परत येताना इटलीत फ्लॉरेन्सला आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला तिथंच गेले. वय जेमतेम विशीचं. त्या मुलखात तेव्हा दहनाची रीत नव्हती, खास परवानगी काढावी लागली. आर्नो नदीला मुन्योने नदी येऊन मिळते, त्या संगमावर अग्नी दिला. आपल्याकडं प्रयाग चिखलीला नद्या मिळतात, तसा तो संगम. त्या बागेचं नाव काशीने. लिहितात वेगळं, पण कानाला काशीच लागते बघा! १८७४ मध्ये तिथं छत्री उभी राहिली, आत महाराजांचा अर्धपुतळा. छत्रीचा आराखडा मेजर मँटचा, ज्याच्या आराखड्यावर आपला न्यू पॅलेस उभा आहे तोच. पुढं जवळ मोठा पूल झाला, त्या पुलालाही लोक ‘इंदियानो’ म्हणतात. म्हणजे आमचा राजा तिकडं दीडशे वर्षं परक्यांच्या अंगणात आहे, आणि त्या गावानं त्याच्या नावानं पूलसुद्धा ओळखला.

हे एकच उदाहरण नाही. आपल्याच राजघराण्यातल्या चिमासाहेब महाराजांना १८५७ च्या उठावानंतर कराचीला नेऊन ठेवलं, ते १८६९ ला तिथंच गेले. चौथे शिवाजी महाराज १८८३ च्या नाताळात अहमदनगरच्या किल्ल्यात गेले. कोल्हापूरची माणसं अशी लांब लांब निजलीत. आणि लांबची काही माणसं आपल्याकडं निजलीत. अमेरिकन मिशनचे वाइल्डर १८५२ मध्ये इथं आले, त्यांच्या मागोमाग मिशनची माणसं, रेसिडेन्सीची, म्हणजे इंग्रज सरकारच्या कचेरीची माणसं, त्यांच्या बायका, आणि पुष्कळ तान्ही मुलं. त्यांचं इथं आता कुणी उरलेलं नाही. चहावाल्याला एवढं सांगितलं की तो पुढचा प्रश्न विचारत नाही. एकदा तर चहाचे पैसेही घेतले नाहीत.

आता ॲसिड. नाव कुणाचं घेत नाही, कारण नाव माझंच आहे. पहिल्या वर्षी एका लहान मुलीच्या थडग्यावरची संगमरवरी पाटी शेवाळानं काळी झाली होती. मी घरनं बाथरूमचं ॲसिड नेलं. ओतलं की फसफस फसफस फेस आला, आणि खाली दगड कसा, लख्ख! आम्ही टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. तो फेस म्हणजे दगडच विरघळत होता, हे कळायला एक पावसाळा जावा लागला. जून उलटून सप्टेंबर आला तेव्हा पाटीवर बोट फिरवलं तर बोटाला साखरेसारखा रवा लागला. वय लिहिलेली ओळ होती, ‘एक वर्ष, चार महिने, अकरा दिवस’. आता त्यातलं ‘अकरा दिवस’ फक्त माझ्या वहीत आहे.

म्हणून आपलं हत्यार म्हणजे साधं पाणी, मऊ ब्रश, आणि धीर. शेवाळ असेल तर दगड आधी भिजवून ठेवायचा, मग खालून वर घासत यायचं. प्रेशरचा पंप नको, तो सांध्यातला चुनाच उडवतो. तारेचा ब्रश तर फाटकाबाहेरच ठेवा. 

काही पाट्यांवर अक्षरं शिशाची आहेत. हे मला फार आवडतं, म्हणून जरा थांबतो. कारागीर आधी अक्षराची खाच कोरायचा, खाचेच्या तळाशी बारीक भोकं पाडायचा, तीही थोडी तिरकी, आणि मग शिसं ठोकून बसवायचा. शिसं भोकात घुसतं, धरून राहतं. वरनं तासून सपाट केलं की काळं अक्षर. आता बऱ्याच पाट्यांवरचं शिसं गेलंय. कुणी म्हणतं भंगारात गेलं, कुणी म्हणतं मासे धरायच्या जाळ्याला लागलं. खाच उथळ असते, झिजून जाते. पण भोकं राहतात! मी तासन्‌तास भोकं वाचत बसलोय. इंग्रजी ‘ई’ आणि ‘एफ’ यांत फरक खालच्या आडव्या रेघेचा, म्हणजे टोकाच्या एका भोकाचा. त्या एका भोकात मातीचा कण बसला असेल तर माणसाचं आडनाव बदलतं. तेवढ्यासाठी दातकोरणं घेऊन या, लाकडी.

पिंपळाचं सांगायचं राहिलं. दोन दगडांच्या फटीत पिंपळ उगवतो आणि तुमच्यातला कुणीतरी जोर लावून तो उपटणार, मला माहीत आहे. मूळ आत बोटभर जाड झालेलं असतं, उपटलं की चौथऱ्याचा कोपरा हातात येतो. दगडाशी कापायचा, फुटला की परत कापायचा, वर्षभर. गवंडी म्हणतात, ‘दादा, पिंपळाला हात लावणार नाही, मुंज्या असतो.’ इथल्या पिंपळावर असलाच तर तो मराठी बोलणारा नसणार, असं मी त्यांना सांगतो. हसतात, पण कोयता माझ्याच हातात देतात.

सिमेंट? नाही. चुना लवचीक, सिमेंट कडक. पाणी आत कोंडतं आणि मग सांधा नाही, दगडच फुटतो. आणि कुठलंही काम करण्याआधी जागेच्या विश्वस्तांची परवानगी.

बाकी काम लिहायचं. प्रत्येक थडग्याला नंबर, टेपनं माप, फोटो, आणि मजकूर ओळीला ओळ, चुकीसकट. कारागिरानं स्पेलिंग चुकवलं असेल तर तुम्हीही चुकवा. अर्धं अक्षर दिसत असेल तर अर्धंच लिहा. उरलेलं अंदाजानं भरू नका. मोजणीत मी हेच शिकलो, की हद्दीचा खांब सापडला नाही तर ‘सापडला नाही’ असं लिहायचं, मनानं रोवायचा नाही.

उद्या साडेसहाला फाटकाशी. उशीर नको. तिरप्या उन्हातच झिजलेली अक्षरं सावली टाकतात, आठ वाजले की सगळ्या पाट्या कोऱ्या. कागद जाड आणा, आणि दातकोरणी विसरू नका.