तालीम

[दृश्य: पहाट. पुणे कॅम्पातली गल्ली. बंद शटरं, ओला रस्ता, बेकरीच्या दारात पावाचे ट्रे.]

निवेदन:
सकाळचे साडेसहा वाजलेत. शिवाजी मार्केटच्या मागच्या गल्ल्या अजून जाग्या व्हायच्यात. पावाच्या भट्टीचा वास मात्र कधीचा सुटलाय. मशिदीशेजारच्या जिन्यापाशी चपलांचा ढीग पडलाय. सगळ्या लहान मापाच्या.

वरच्या खोलीत चटया आणि कुराण ठेवायचे लाकडी रेहल. पंचवीस-तीस मुलं डोलत डोलत म्हणतायत, "अलिफ जबर आ, बे जबर बा..." हे मक्तब. पाऊण तासानं हीच मुलं खाली उतरतील, घरी चहा-पाव खातील आणि दप्तर पाठीवर टाकून शाळेत जातील. कुणी उर्दू माध्यमाच्या, कुणी मराठी, कुणी इंग्रजी.

मक्तब आणि मदरसा यांत आपण नेहमी गोंधळ करतो. मदरशात मूल पूर्णवेळ शिकतं, बऱ्याचदा राहतंही तिथंच. मक्तब म्हणजे शाळेच्या आधीचा किंवा नंतरचा तासभर. देशातल्या मुस्लिमांची स्थिती तपासणाऱ्या सच्चर समितीच्या २००६च्या अहवालानं हा फरक मुद्दाम नोंदवला. शाळेत जाण्याच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम ३ टक्के मुलं मदरशात जातात, असंही त्यात म्हटलंय. बाकीची मुलं तुमच्या-आमच्यासारखीच, हजेरीला "हजर" म्हणणारी.

[दृश्य: भिंतीवरची उर्दू पाटी. त्यातल्या 'तालीम' या शब्दावर कॅमेरा थांबतो.]

या पाटीवर लिहिलंय, 'दीनी तालीम'. धर्माचं शिक्षण. पण पुण्यात तालीम म्हटलं की डोळ्यांपुढं येते ती तांबडी माती, जोर-बैठका आणि कोपऱ्यातला मारुती. शब्द एकच, अरबीतून फारसीच्या वाटेनं आलेला. उर्दूनं त्याचा अर्थ ठेवला शिक्षण. मराठीनं तो नेला आखाड्यात आणि नाटकाच्या तालमीत. वस्ताद हा शब्दही त्याच वाटेनं आला, मुळात तो उस्ताद. मुलांच्या पाठीवरचं दप्तर, जुन्या शाळेतली दौत, शाई, कागद, सगळी त्याच गोतावळ्यातली मंडळी.

मला विचाराल तर मराठीनं शब्दाचं सोनं केलं. पुन्हा पुन्हा करून अंगात मुरवायची गोष्ट, ही तालीम. नीतिमूल्यांबद्दल बोलताना आपण नेमकं हेच विसरतो.

[दृश्य: वजूखाना. नळांची रांग. सात-आठ वर्षांची मुलगी बाह्या सरसावतेय.]

आता हे बघा. कुराण हातात घ्यायचं तर आधी वजू, म्हणजे हातपाय धुऊन शुद्ध होणं. हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला हात, मग पाय. क्रम ठरलेला. मुलीनं नळ पूर्ण सोडलाय. मागून आवाज येतो, "पानी कम, बेटा." ती नळ बारीक करते. मौलाना मुलांना एक हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, सांगतात, वाहत्या नदीच्या काठी बसून वजू केली तरी पाणी वाया घालवू नये. मुठेच्या काठच्या शहरात, जिथं उन्हाळा आला की सोसायटीच्या ग्रुपवर पाणीकपातीशिवाय विषय नसतो, तिथं हा धडा रोज होतो. त्याला पुस्तक नाही, परीक्षा नाही.

आपल्यातल्या अनेकांना शाळेतला मूल्यशिक्षणाचा तास आठवत असेल. दहा मूल्यं होती. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, सौजन्यशीलता, वैज्ञानिक दृष्टिकोन... आम्ही ती घडाघडा म्हणायचो. श्रमप्रतिष्ठा पाठ म्हणून झाली की वर्ग झाडायची पाळी कुणाची, यावरून भांडायचो.

मक्तबातही हा रोग आहेच. तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मुलं अरबी अस्खलित वाचतात, अर्थ विचारला की गप्प. सबक, म्हणजे धडा, पाठ झाला, पुढचा घे. कुठं कुठं छडीही चालते. ज्या परंपरेचं नाव घेऊन ती चालते, त्याच परंपरेनं तिला सहाशे वर्षांपूर्वी नावं ठेवलीत. इब्न खल्दून या इतिहासकारानं चौदाव्या शतकात लिहून ठेवलंय की मुलाला धाकात शिकवलं तर ते आळशी होतं आणि खोटं बोलायला शिकतं. मार चुकवायला मनात एक ठेवून तोंडानं दुसरं बोलतं, आणि मग तोच त्याचा स्वभाव होतो. छडीनं सत्य शिकवणाऱ्याला याहून सणसणीत उत्तर काय द्यायचं?

त्याच्याही आधीचे धर्मपंडित इमाम गझाली. निधन ११११ सालचं. मक्तबातून सुटलेल्या मुलाला खेळू द्या, असं ते बजावतात. सतत अभ्यासाला जुंपलं तर त्याचं मन मरून जातं, बुद्धी बोथट होते. एका शिष्याला लिहिलेल्या पत्रात ते म्हणतात, कृतीशिवाय ज्ञान हा वेडेपणा आहे आणि ज्ञानाशिवाय कृती होतच नाही. आपण 'सर्वांगीण विकास' म्हणतो आणि प्रगतिपुस्तकात त्याचा एक रकाना करतो. गझालींच्या लेखी तो सगळा दिवसच होता.

[दृश्य: महात्मा फुले पेठ. समताभूमी, फुलेवाडा. आवारात शाळेची सहल आलीय.]

पुस्तकातून जरा पेठेत येऊ. ही आजची महात्मा फुले पेठ, पूर्वीची गंज पेठ. जोतिबांना वडिलांनी, गोविंदरावांनी, शाळेतून काढून शेतमळ्याच्या कामाला लावलं होतं. शेजारी गफार बेग मुन्शी राहत. उर्दू-फारसी शिकवणारे. पोरगा हुशार आहे, कामातून वेळ मिळाला की वाचत बसतो, हे त्यांनी पाहिलं. त्यांनी आणि लिजिट नावाच्या इंग्रज गृहस्थांनी गोविंदरावांचं मन वळवलं. १८४१ साली जोतिबा पुन्हा शाळेत गेले, स्कॉटिश मिशनच्या.

मुन्शींनी काही मोठी संस्था काढली नाही. शेजाऱ्याच्या मुलासाठी शब्द टाकला, एवढंच. त्या शब्दाचं पुढं काय झालं, ते आपल्याला ठाऊक आहे. १८४८ला भिडे वाड्यात मुलींची शाळा. पुढच्याच वर्षी जोतिबा-सावित्रीबाईंना घर सोडावं लागलं, तेव्हा आसरा दिला उस्मान शेख यांनी. आणि १० ऑक्टोबर १८५६च्या पत्रात, नायगावला माहेरी आजारी पडलेल्या सावित्रीबाईंना काळजी आहे ती सहकारी फातिमाची. माझ्यामागं तिच्यावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचं त्या लिहितात. फातिमा शेख यांच्याबद्दल पुढं पुष्कळ लिहिलं गेलं, वादही झाले. माझ्यापुरतं सांगायचं तर ते 'कुरकुर करणार नाही' माझ्या मनातून जात नाही. उर्दूत त्याला सब्र म्हणतात.

[दृश्य: आझम कॅम्पस. गेटातून आत जाणारी गर्दी. गणवेशातल्या मुली, पांढऱ्या कोटातले विद्यार्थी.]

कॅम्पातलंच आझम कॅम्पस. महाराष्ट्र कॉस्मोपॉलिटन एज्युकेशन सोसायटी १९४८ची. एका आवारात अँग्लो-उर्दू शाळा, कायद्याचं कॉलेज, दंतवैद्यक, युनानी वैद्यक. पहिलीतल्या मुलीला गेटातून आत शिरतानाच दिसतं की स्कार्फ बांधलेली एक ताई पांढरा कोट घालून चाललीय. यावर वेगळं भाषण द्यावं लागत नाही.

आणि हेही याच शहरात घडलं. २२ मार्च १९७० रोजी समाजसुधारक हमीद दलवाईंनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ पुण्यात स्थापन केलं. त्यांच्याशी मतभेद असणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण समाजातल्या मुलीनं प्रश्न विचारणं हा अदबीचा, शिष्टाचाराचा भंग नाही, हे त्यांनी ठासून सांगितलं. अदब म्हणजे मान खाली घालणं, असा सोयीचा अर्थ लावणारे सगळ्याच धर्मांत भेटतात.

[दृश्य: कोंढवा. संध्याकाळ. गॅरेज. जॅकवर चढवलेली रिक्षा, तिच्याखाली एक मुलगा.]

सगळंच गोड नाही. आठवी-नववीत आलं की मुलाचे हात गॅरेजला, एसी दुरुस्तीला, दुकानाला लागतात. घरात एक कमावता वाढतो, वर्गात एक बाक रिकामा होतो. हा मुलगा काम मन लावून करतो. गिऱ्हाईकाचा सुटा भाग बदलला तर जुना परत देतो, न मागता. अमानत, म्हणजे विश्वासानं सोपवलेली वस्तू जपणं, हे त्याला कुणी समजवायला नको. त्याला नको आहे ते फक्त इतकं की अमानत आणि बीजगणित यांतलं एकच निवड, असं कुणी सांगावं.

गंमत म्हणजे बीजगणिताला जगात बहुतेक ठिकाणी 'अल्जिब्रा' या ज्या नावानं ओळखतात, ते नवव्या शतकातला गणिती अल्-ख्वारिज्मी याच्या पुस्तकातल्या 'अल्-जब्र'वरून आलं. त्या पुस्तकाचा मोठा हिस्सा वारसाहक्काच्या वाटण्यांचा आहे. बापामागं मुलीला किती, बायकोला किती, आईला किती. कुणाचा हक्क बुडू नये म्हणून समीकरणं. गणिताचा तास कुठं संपतो आणि नीतीचा कुठं सुरू होतो?

[दृश्य: दोन खोल्यांचं घर. जमिनीवर वही. सकाळची तीच मुलगी, शेजारी दादी.]

घरात दखनी उर्दू बोलतात. 'नक्को' आणि 'हौ'वाली. मराठीच्या 'नको'नं या बोलीत कधी घर केलं, कुणाला आठवत नाही. मुलीच्या पुढ्यातलं उर्दू पाठ्यपुस्तकही पुण्याचंच. सेनापती बापट रस्त्यावरच्या, १९६७ साली सुरू झालेल्या बालभारतीचं.

रमजान जवळ आलाय. अब्बा जकातीचा, म्हणजे धर्मानं ठरवून दिलेल्या दानाचा, हिशेब करतायत. वर्षभर शिल्लक राहिलेल्या रकमेचा चाळिसावा हिस्सा. मुलगी विचारते, "चाळिसावा म्हणजे किती टक्के?" अब्बा म्हणतात, "तूच काढ." ती बोटं मोडते, खाडाखोड करते, अडीच काढते. मग विचारते, "हे पैसे कुणाला?" अब्बा एक नाव हळूच सांगतात आणि म्हणतात, "बाहेर बोलायचं नाही हं."

आम्ही कॅमेरा बंद केला होता तेव्हा. नाव आम्हालाही ऐकू आलं नाही.

[दृश्य: पेठेतली तालीम. दिवेलागण. तांबडी माती, मातीवर पाण्याचा शिडकावा.]

मुलीचा भाऊ घरी नाही. तो दहा वर्षांचा. सकाळी मक्तबात सबक चुकला होता, दुपारी शाळेत भूगोल चुकला. आत्ता तो इथं आहे, तालमीत. महिना झालाय येऊन. अजून एकदाही कुस्ती धरलेली नाही. शड्डू ठोकायची हौस दांडगी, पण वस्तादांनी हातात झाडू दिलाय. आधी मातीच्या हौदाभोवतीची जागा झाडायची, मग माती उकरायची, खडे वेचायचे, पाणी मारायचं. मोठी मुलं उतरतील त्यांना पाय घसरता कामा नये.

तो एक खडा उचलतो, न्याहाळतो, बाहेर टाकतो. पुन्हा खाली वाकतो. वस्ताद बाकावरून बघतायत, बोलत नाहीत.

[आवाज: मातीवर पडणारं पाणी. दृश्य हळूहळू अंधारतं.]