घरी येऊन रक्त नेणारी सेवा निवडताना: ॲप नंतर बघा, आधी पेटी बघा

(टेबलावर तीन रिकाम्या ट्यूब: पिवळ्या, जांभळ्या आणि करड्या टोपणाची. शेजारी सॅम्पल न्यायची पेटी.)

सकाळी सातला माणूस येतो, पाच मिनिटांत रक्त घेऊन जातो, संध्याकाळी मोबाईलवर रिपोर्ट आणि सोबत ‘खास तुमच्यासाठी’ म्हणून सल्ला. सोय मोठी आहे, वाद नाही. पण सातला काढलेलं रक्त लॅबमध्ये पोचलं किती वाजता? बुकिंगच्या आधी हे विचारून घ्या.

कारण ट्यूबमध्ये गेल्यावरही रक्तपेशी जिवंतच असतात आणि साखर खात राहतात. साध्या ट्यूबमध्ये, खोलीच्या तापमानाला, साखर तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी उतरते. उपाशीपोटीची १३० असलेली साखर साडेतीन तास पेटीत फिरली, की १०५च्या आसपास दिसते. १२६ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह. १०५ म्हणजे नुसती ‘किंचित वाढलेली’. आजार तोच, रिपोर्ट भलताच.

“आम्ही बर्फात नेतो हो,” असं उत्तर मिळेल. तेवढ्यावर समाधान मानू नका. थंडीत पेशींमधलं पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि रिपोर्टमध्ये ते उगाच वाढलेलं येतं. खरं उत्तर असं हवं: पिवळ्या ट्यूबमधलं रक्त अर्धा तास साकळू देतो आणि दोन तासांच्या आत सेंट्रीफ्यूजमध्ये (गरगर फिरवणाऱ्या यंत्रात) फिरवून सीरम, म्हणजे पेशींवरचं पिवळसर पाणी, वेगळं करतो. मग पुढचा प्रवास लांबला तरी फारसं बिघडत नाही.

(पिवळी ट्यूब उचलून) हिच्यात तळाशी जेल असतं. लिव्हर, किडनी, थायरॉईड, कोलेस्टेरॉल यातून. (जांभळी) हिच्यात ईडीटीए, म्हणजे रक्त साकळू न देणारं रसायन. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) यातून. (करडी) साखरेसाठी, आत पेशींचं साखर खाणं रोखणारं फ्लोराइड. भरायचा क्रमही हाच: आधी पिवळी, मग जांभळी, शेवटी करडी. जांभळीतलं ईडीटीए पोटॅशियमचं क्षार असतं आणि ते कॅल्शियम धरून ठेवतं. रक्त कमी पडलं म्हणून कुणी जांभळीतलं थोडं पिवळीत ओतलं, तर पोटॅशियम आकाशाला आणि कॅल्शियम पाताळात. असं ओतताना दिसलं तर सरळ थांबवा आणि पुन्हा काढायला सांगा.

दंडाचा पट्टा एक मिनिटाच्या आत सुटला पाहिजे. नाव आणि जन्मतारखेचं लेबल रक्त काढल्यावर, तुमच्यासमोरच लागलं पाहिजे. खाली गाडीपाशी जाऊन नाही.

बोटाला टोचून घ्यायचं किट असेल तर हात कोमट पाण्यात धरा, नीट पुसा, पहिला थेंब टिपून टाका आणि पुढचे आपोआप पडू द्या. बोट पिळलं की पेशी फुटतात, वर ऊतींमधलं पाणी मिसळतं. एचबीए१सीसाठी असं किट चालून जातं. पोटॅशियमसाठी मात्र शिरेतलंच रक्त द्या.

आता पॅकेज. ‘८० चाचण्या एकाच वेळी’ वाचून भुलू नका. नॉर्मलची मर्यादा निरोगी लोकांपैकी ९५ टक्के आत बसतील अशी आखलेली असते. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या, तर ठणठणीत माणसाचाही एखादा आकडा लाल येण्याची शक्यता ६४ टक्के. आणि लाल आकडा म्हणजे पुढची चाचणी, पुढची गोळी.

सल्ल्याचा कस लागतो तो इथेच. तुमची औषधं, आजार, पाळी, गरोदरपण यातलं काहीच न विचारता आलेला सल्ला ‘तुमच्यासाठी’ कसा असेल? केसांसाठी बायोटिन (एक जीवनसत्त्व) घेत असाल तर टीएसएच, म्हणजे थायरॉईडच्या चाचणीतला आकडा, खोटं कमी येऊ शकतं. जास्त मात्रेचं बायोटिन दोन-तीन दिवस आधी बंद करायला सांगणारी सेवा जाणकार समजा. लोहाच्या कमतरतेत एचबीए१सी खोटं वाढू शकतं. सल्ला देणाऱ्यानं सीबीसी शेजारी ठेवून एचबीए१सी वाचलं पाहिजे. सल्ल्याखाली डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक आहे का, तेही बघा. सल्ला देणारेच त्याखाली स्वतःच्या सप्लिमेंटचं बटण ठेवत असतील, तर तो सल्ला दुकानदाराचा समजा.

लॅबला आयएसओ १५१८९ (वैद्यकीय लॅबच्या दर्जाचं आंतरराष्ट्रीय मानक) मान्यता आहे का, तुम्ही निवडलेल्या चाचण्या त्या मान्यतेत येतात का, आणि धोक्याचा आकडा आला तर रात्रीही फोन करतात का, हे लेखी मागा. मूळ पीडीएफ रिपोर्टही मिळाला पाहिजे. नुसता हिरवा-लाल आलेख तुमच्या डॉक्टरच्या काही कामाचा नाही.

शेवटी सबस्क्रिप्शन. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून एचबीए१सी तीन महिन्यांनी. थायरॉईडची गोळी बदलली असेल तर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी, आणि त्याच लॅबमध्ये. दर महिन्याला सगळंच तपासणारा प्लॅन असेल, तर तो घेऊ नका.