एडिटरच्या हार्डडिस्कमधली जागा

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापुरात चाल बांधणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती. देवल क्लबात गाणं आहे, पेठापेठांत हलगी आहे, आणि आता राजारामपुरीपासून कळंब्यापर्यंत घरातल्याच एका खोलीत कॉम्प्युटर, कीबोर्ड आणि माइक मांडून बसलेली पोरं-पोरी आहेत. त्यांच्याकडं तयार ट्रॅक पडून असतात. त्यातले चार-दोन जाहिरातीला लागावेत आणि पैसे सुटावेत ही इच्छा रास्तच आहे. ए. आर. रहमान यांनीसुद्धा १९९२ मध्ये सिनेमात नाव होण्याआधी जाहिरातींचं पुष्कळ संगीत केलं होतं.

आता हे ट्रॅक पोचवायचे कुणाकडं? आपली पोरं थेट कंपनीच्या मालकाला नाहीतर मार्केटिंग मॅनेजरला गाठायला बघतात. माझ्या मते तो पत्ता चुकतो. मालक हो किंवा नाही म्हणतो, पण त्याच्या कानावर काय पडायचं ते आधीच दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असतं.

ते कसं, बघा. जाहिरात शूट होते, एडिटर कापायला बसतो. नुसतं मुकं चित्र कापताना लय सापडत नाही, म्हणून तो हाताशी असलेलं एखादं गाणं खाली टाकतो. धंद्यात त्याला टेम्प ट्रॅक किंवा रेफरन्स म्हणतात. बहुधा ते कुठलंतरी गाजलेलं गाणं असतं. क्लायंट तो कट चार वेळा बघतो आणि त्या गाण्याच्या प्रेमात पडतो. मग त्या गाण्याच्या हक्काची किंमत कळते आणि खोलीतल्या सगळ्यांची तोंडं उतरतात. रात्रीचे अकरा वाजलेले, उद्या दुपारी जाहिरात चॅनेलला द्यायची, आणि फर्मान येतं, "तसलंच काहीतरी बघा की!" त्या घटकेला एडिटरच्या हार्डडिस्कमध्ये ज्याचा ट्रॅक असतो, त्याचं नशीब उघडतं.

म्हणून ओळख करायची ती एडिटरशी, त्याच्या असिस्टंटशी, जाहिरात करणाऱ्या प्रॉडक्शन हाउसमधल्या प्रोड्यूसरशी. आणि ही माणसं फक्त अंधेरीत भेटतात असं नाही. १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी याच गावात उभी राहिली. आज मोरेवाडीच्या चित्रनगरीत मालिकांची शूटिंग चालतात. तिथं आज असिस्टंट म्हणून धावणारा पोरगा उद्या मुंबईत जाहिरातीच्या कटवर बसलेला असू शकतो. त्याच्याशी आत्ता चहाच्या टपरीवर झालेली ओळख नंतरच्या पन्नास ईमेलना भारी पडते. गावातल्या लहान एजन्सीही सोडू नका. सराफ, साडी सेंटर, गुळाचे व्यापारी, मसालेवाले, क्लासवाले, सगळ्यांना रेडिओला आणि मोबाइलवर जाहिरात लागते. फक्त "आपलाच माणूस हाय, पैशाचं नंतर बघू" ही आपल्याकडची जुनी खोड तेवढी सांभाळा. ओळखीत पैशाचं आधीच बोलावं, म्हणजे ओळख टिकते.

पहिला मेसेज कसा असावा? "सर, काही काम असेल तर सांगा" याला कुणी उत्तर देत नाही, कारण त्यात उत्तर देण्यासारखं काही नसतं. त्या माणसाचं काम आधी बघा, आणि असं लिहा: "तुमच्या दुधाच्या जाहिरातीत शेवटी संगीत थांबवून नुसता भांड्याचा आवाज ठेवलात, ते आवडलं. तशा घरगुती विषयांना चालतील असे माझे तीन ट्रॅक पाठवतोय. सगळे हक्क माझ्याकडं आहेत." बास. तीनच, तीस नकोत. जड फाइल व्हॉट्सॲपवर ढकलू नका, ऐकायची लिंक द्या. फाइलच्या नावात ट्रॅकचं नाव, लय, तुमचं नाव आणि फोन नंबर टाका. 'फायनल न्यू टू' असल्या नावाची फाइल सहा महिन्यांनी कुणाला सापडायची?

आणखी एक बारकावा. जाहिरातीच्या ट्रॅकला ठोस शेवट हवा. हळूहळू विरत जाणारा शेवट ऐकायला गोड, पण शेवटच्या दोन सेकंदांत कंपनीचं बोधचिन्ह येतं आणि तिथं सम पडावी लागते. तीस सेकंदांचा कट, दहा सेकंदांचा कट, गायकाच्या आवाजाशिवायचा ट्रॅक आणि प्रत्येक वाद्य वेगळं, एवढं तयार ठेवलंत की एडिटर तुम्हाला दुवा देतो.

"तसलंच पाहिजे" म्हणाले तर लय आणि मूड घ्या, चालीला हात लावू नका. हुबेहूब उचललेल्या चालीवर नोटीस आली तर ती तुमच्याबरोबर एजन्सीलाही येते, आणि ते दार कायमचं बंद होतं.

आता हक्कांचं. एका गाण्यात चालीचा हक्क वेगळा, शब्दांचा वेगळा, रेकॉर्डिंगचा वेगळा. टायटन घड्याळांच्या जाहिरातीतली सुरावट मोझार्टच्या २५ व्या सिंफनीतली. मोझार्ट १७९१ मध्ये गेला, त्याची चाल कुणीही वाजवावी. पण एखाद्या ऑर्केस्ट्रानं आज केलेलं त्याचं रेकॉर्डिंग मात्र फुकट मिळत नाही. आपल्या पोवाड्याच्या, ओवीच्या जुन्या चालींचंही तसंच. म्हणून हलगी वाजवणाऱ्याला आणि गाणाऱ्या बाईंना रेकॉर्डिंगच्याच दिवशी पैसे द्या आणि कागदावर सही घ्या. एजन्सी ट्रॅक मागते तेव्हा तिला एकाच माणसाची सही पुरावी असं वाटतं. हक्कांची गुंतागुंत दिसली की ती पुढच्या ट्रॅकवर जाते.

करार लेखीच हवा. कुठल्या माध्यमात, किती मुदत, कुठला प्रदेश, हे त्यात स्पष्ट पाहिजे. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यानुसार मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरली जातात आणि प्रदेश लिहिला नसेल तर सारा भारत. म्हणजे फक्त कोल्हापूर-सांगलीसाठी म्हणून दिलेल्या ट्रॅकचा कागद कोरा राहिला, तर तो देशभर वाजू शकतो. चालीचे आणि शब्दांचे हक्क स्वतःकडं ठेवून आयपीआरएस या, गीतकार-संगीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासद व्हा, म्हणजे प्रसारणाची रॉयल्टी मिळायची वाट राहते.

नकार आला तर दोन ओळींत आभार मानून गप्प बसा, रोज विचारू नका. काही महिन्यांनी नवा ट्रॅक झाला की पुन्हा एक लिंक. आणि तुम्हाला न जमणारं काम आलं, समजा सनईचं, तर ज्याला जमतं त्याचा नंबर द्या. एडिटरला अडचणीतून सोडवणारा माणूस लक्षात राहतो, मग ट्रॅक कुणाचा का असेना. दिवाळीच्या जाहिरातींची धावपळ गणपतीच्या आधीच सुरू होते, तेव्हा तीन ट्रॅकची ती लिंक श्रावणातच पाठवा.

नमस्कार.