शेजारी खासगी हॉस्पिटल बांधलं, की सरकारी बेड मोकळे होतात का?

सरकारी हॉस्पिटलच्या आवारातच खासगी हॉस्पिटल उभं करायचं. पैसेवाले पेशंट तिकडे, इकडचे बेड बाकीच्यांना. हिशोब सरळ वाटतो ना? आयर्लंडनं जुलै २००५ मध्ये नेमकं हेच ठरवलं. आरोग्यमंत्री होत्या मेरी हार्नी. लक्ष्य होतं पाच वर्षांत १,००० बेड.

हे बेड यायचे कुठून? तिथल्या सरकारी हॉस्पिटलांत साधारण पाचातला एक बेड खासगी पेशंटसाठी राखीव असायचा. निम्म्या लोकांकडे विमा होता. डॉक्टर तोच, ऑपरेशन थिएटर तेच, पण विमावाल्याचा नंबर आधी लागायचा. इमर्जन्सीत मात्र पेशंट ट्रॉलीवर रात्र काढत होते.

सरकार जागा देणार, इमारत गुंतवणूकदार बांधणार. तो कशाला बांधेल? करसवलतीसाठी.

(स्क्रीनवर: १५ × ६ + १० = १००)

पहिली सहा वर्षं बांधकाम खर्चाचे १५ टक्के, सातव्या वर्षी १० टक्के उत्पन्नातून वजा. कराचा वरचा दर तेव्हा ४२ टक्के. म्हणजे १०० युरो घातले, की ४२ युरोपर्यंत कर वाचला. ‘सरकारचा एक पैसाही लागणार नाही’ असं कुणी म्हणालं, तर हा आकडा दाखवा.

आता गाडी अडते कुठे ते बघू.

खासगी बेड मोकळा झाला, पण त्या वॉर्डातल्या नर्सचा पगार सरकारी हॉस्पिटललाच द्यायचाय. विमा कंपनीकडून मिळणारं बेडचं भाडं तेवढं शेजारी गेलं. ही तूट दरवर्षी भरून द्यावी लागते, नाहीतर मोकळा झालेला बेड बंदच राहतो. शिवाय नव्या इमारतीला नर्स हव्यातच. आठवड्याचे तास १६८, एका नर्सची ड्युटी साडेसदतीस तास. चोवीस तास एक नर्स उभी ठेवायला साडेचार माणसं लागतात, रजा आणि आजारपण धरलं तर पाचाच्या वर. ही माणसं बहुतेक फाटकाच्या अलीकडूनच जाणार.

दुसरी अडचण जास्त चिवट. शेजारी जातात ते तारीख ठरवून गुडघा बदलणारे. रात्री दोनला न्यूमोनियानं धापा टाकत आलेले आजोबा इमर्जन्सीतच येणार, विमा असो वा नसो. आणि त्यांच्यासाठीचा बेड कुणी अडवलेला असतो? बऱ्याचदा बरा झालेल्या, पण घरी बघणारं कुणी नाही आणि नर्सिंग होममध्ये जागा नाही अशा पेशंटनं. खासगी इमारतीनं त्याला काडीचा फरक पडत नाही. माझ्या मते, आधी पैसा इथे घालायला हवा होता.

डॉक्टरांचं काय? तोच कन्सल्टंट, म्हणजे वरिष्ठ तज्ज्ञ डॉक्टर, दोन इमारतींत काम करणार. तेव्हा दोन्हीकडचे पेशंट मोजणारी एकच यंत्रणा हवी, नाहीतर वेळ कुठे झुकेल ते सांगायला नको.

शेवटी झालं काय? काही ठिकाणी बांधकाम परवानग्याही मिळाल्या. मग २००८ मध्ये आयरिश बँका गडगडल्या, कर्ज आटलं. २०११ मध्ये आलेल्या सरकारनं योजना गुंडाळली. त्या योजनेतलं एकही हॉस्पिटल उभं राहिलं नाही. मार्च २०२३ पासून नव्या कन्सल्टंटना जो करार मिळतो, त्यात सरकारी हॉस्पिटलमध्ये खासगी पेशंट बघायची मुभाच नाही.