मध्यरात्र उलटून गेल्यावर

(दृश्य: थंडीची रात्र. अमेरिकेतल्या उपनगरातलं एक घर. खिडकीत दिवा.)

२० डिसेंबर १९५४. शिकागोला लागून असलेलं ओक पार्क. एका दिवाणखान्यात काही माणसं घड्याळाकडे डोळे लावून बसली आहेत.

घर डोरोथी मार्टिन या बाईंचं. क्लॅरिअन नावाच्या ग्रहावरून आपल्याला संदेश येतात आणि आपला हात ते आपोआप लिहितो, असं त्या सांगत. २१ तारखेला महापूर येणार. त्याआधी, मध्यरात्री, उडती तबकडी आपल्या माणसांना न्यायला येणार. प्रवासात अंगावर धातू चालणार नाही, म्हणून कुणी हुक काढले, कुणी बटणं. एकाच्या पँटची चेन तशीच राहिल्याचं ऐनवेळी लक्षात आलं. ती ब्लेडने कापून काढली.

बारा वाजले. कुणीच आलं नाही.

पहाटे पावणेपाचच्या सुमारास नवा संदेश उतरला. या मूठभर माणसांनी रात्रभर एवढा प्रकाश पसरवला, की देवाने जग वाचवलं.

मला ही माणसं वेडी वाटत नाहीत. या श्रद्धेपायी एकाला नोकरीवर पाणी सोडावं लागलं होतं. आपण फसलो, हे अशा वेळी स्वतःला सांगणं किती जड जात असेल!

त्या खोलीत आणखीही काही जण होते. भाविक असल्याचं भासवून आत शिरलेले निरीक्षक. मिनेसोटा विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना पाठवलं होतं. भाकीत खोटं ठरलं की श्रद्धा ढासळत नाही, उलट प्रचाराला जोर चढतो, असा निष्कर्ष त्यांनी १९५६ साली मांडला. उडत्या तबकड्या म्हणजे नवा धर्मच, असं म्हणणारे आजही याच रात्रीचा दाखला देतात.

पण थांबा. एवढ्याशा गटात इतके निरीक्षक मिसळले, तर गटाचं वागणं त्यांच्यामुळेच बदललं नसेल का? हा आक्षेप जुना आहे. अलीकडे तर त्या काळची कागदपत्रं तपासून, मूळ वर्णनातल्या बऱ्याच गोष्टींवर प्रश्नचिन्ह लावलं गेलं आहे. अभ्यासकांनाही आपलं भाकीत खरं ठरायला हवं होतं, असा याचा अर्थ मी काढतो. आणि त्यांच्या कागदांची झडती पुढच्या अभ्यासकांनी घेतली, हे मला फार मोलाचं वाटतं.

(दृश्य: रेनियर पर्वताची बर्फाच्छादित शिखरं.)

मुळात ‘तबकडी’ आली कुठून? २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड हा वैमानिक रेनियर पर्वताजवळून चालला होता. त्याला नऊ चकाकत्या वस्तू भरधाव जाताना दिसल्या. पाण्यावर भिरकावलेली बशी टप्पे खात जाते तशा त्या चालल्या होत्या, असं त्याने सांगितलं. तो बोलला चालीबद्दल. बातम्यांत मात्र वस्तूच बशीसारखी झाली. त्यानंतर लोकांना आकाशात बशा दिसू लागल्या. डोळ्यांच्या आधी शब्द पोचला होता.

म्हणून दिसलेलं सगळंच खोटं, असं नाही. अमेरिकी हवाई दलाच्या ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ने १९६९ पर्यंत आकाशात दिसलेल्या अनोळखी वस्तूंच्या १२,६१८ नोंदी गोळा केल्या. ७०१ घटनांचा उलगडा झाला नाही. हवाई दलाचे सल्लागार, खगोलशास्त्रज्ञ ॲलन हायनेक सुरुवातीला पक्के संशयवादी होते. १९६६ साली मिशिगनमधले काही दिवे दलदलीतल्या वायूचे असावेत, असं ते म्हणाले आणि देशभर त्यांचं हसं झालं. पुढे तेच म्हणू लागले की, न सुटलेल्या नोंदींचा नीट अभ्यास व्हायला हवा. मला यात श्रद्धा दिसत नाही. ‘७०१ गोष्टी कळल्या नाहीत’ हे प्रामाणिक वाक्य आहे. ‘७०१ वेळा परग्रहावरचे आले, आणि सरकार ते लपवतंय’ असं म्हटलं, की पुरावा नसणं हाच पुरावा होऊन बसतो. तिथून ओक पार्कचं ते घर लांब राहत नाही.

(दृश्य: कागदाच्या लांबलचक पट्टीवर थरथरणारी शाईची रेघ.)

१९६७, केंब्रिज. जोसलिन बेल ही संशोधक विद्यार्थिनी आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या दुर्बिणीच्या नोंदींचा रोज जवळपास तीस मीटर कागद डोळ्यांखालून घालते आहे. एके ठिकाणी तिला अगदी बारीकशी खरखर सापडते. कागदाचा वेग वाढवून पुन्हा नोंदवल्यावर दिसतं, की दर १.३ सेकंदाला एक ठोका येतो आहे. घड्याळासारखा. त्याला नाव पडलं एलजीएम-१. एलजीएम म्हणजे ‘लिटल ग्रीन मेन’, छोटी हिरवी माणसं, अर्थात परग्रहवासी. नाव गमतीचं, पण शंका खरोखरच तपासली गेली. ठोके एखाद्या ग्रहावरून येत असतील, तर तो ग्रह त्याच्या ताऱ्याभोवती फिरत असणार. मग ठोके कधी किंचित लवकर, कधी उशिरा यायला हवेत. तिचे मार्गदर्शक अँटनी ह्यूइश यांनी मोजून पाहिलं. सापडली ती फक्त आपल्या पृथ्वीच्या सूर्याभोवती फिरण्याची खूण.

मग नाताळच्या तोंडावर, थंडीने कुडकुडत, ऐन मध्यरात्रीनंतर बेलने आकाशाच्या अगदी वेगळ्या भागातून येणारे दुसरे ठोके नोंदवले. १.२ सेकंदाचे. दोन टोकांची हिरवी माणसं एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर आपल्यालाच हाका मारतील, हे पटण्यासारखं नव्हतं. बेलला हायसं वाटलं. तिला सापडले होते पल्सार, म्हणजे गरगर फिरणारे न्यूट्रॉन तारे, मोठ्या ताऱ्यांच्या स्फोटानंतर उरलेले अतिदाट गाभे. १९७४ चं नोबेल ह्यूइश आणि मार्टिन राइल यांना मिळालं, बेलला नाही. मला हे आजही खटकतं.

(दृश्य: नारायणगावजवळचं खोडद. शेतांमधून आकाशाकडे वळलेल्या अँटेना.)

खोडद परिसरात जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, ३० तबकड्या आहेत. पल्सारचा ठोका किती किंचित चुकतो, एवढंच मोजून गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे अवकाशालाच ताणत-आवळत जाणाऱ्या तरंगांचा, माग काढायचं काम इथे चालतं. २०२३ साली भारतीय आणि युरोपीय गटांनी मिळून त्या लहरींच्या खुणा मांडल्या, त्यात या तबकड्यांनी टिपलेले पल्सारचे ठोकेही होते.