त्या कपाटाला रंग कोणता दिलात?

श्रोतेहो, नमस्कार. गणपतीची वर्गणी मागण्याचा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांच्या गाठीशी असतो, आणि संस्थेसाठी निधी जमवणेही तितकेच सोपे असेल, अशा समजुतीने आपण पावती पुस्तक बगलेत मारून बाहेर पडतो. मीही असाच बाहेर पडलो होतो.

आमच्या गावच्या वाचनालयाचे पत्रे गळू लागले, तेव्हाची ही गोष्ट. कार्यकारिणीचे आम्ही तिघे एका निवृत्त शिक्षिकाबाईंकडे गेलो. दोन वर्षांपूर्वी त्यांनी यजमानांच्या स्मरणार्थ पाच हजार रुपये दिले होते, तेव्हा याही वेळी त्या रिकाम्या हाताने पाठवणार नाहीत, हा आमचा हिशेब. चहा झाला. चिटणिसांनी पत्र्यांचे अंदाजपत्रक पुढे केले. बाईंनी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचले, आत गेल्या आणि बिस्किटांच्या जुन्या डब्यातून चार घड्या घातलेली पावती घेऊन आल्या. पावतीवर माझेच अक्षर होते : ‘बालविभागाच्या कपाटासाठी’.

“त्या कपाटाला रंग कोणता दिलात हो?” त्यांनी विचारले.

कपाट झालेच नव्हते. त्या वर्षी विजेचे बिल थकून वीज तोडण्याची नोटीस आली होती आणि पाच हजार त्यात गेले होते. एक पैसाही कुणी खाल्ला नव्हता. परंतु बाईंना विचारावे, निदान कळवावे, हे दोन वर्षांत आमच्यापैकी एकालाही सुचले नव्हते. चिटणीस कपबशीकडे पाहत राहिले. “आधी कपाट करा, मग पत्र्यांचे बोलू,” एवढे म्हणून बाईंनी पावतीची घडी पुन्हा घातली.

तेव्हा देणगी ज्या कामासाठी घेतली, त्याच कामाला लावावी. पुन्हा सांगतो, त्याच कामाला. अडचण आली, तर खर्च करण्यापूर्वी देणाऱ्याची संमती घ्यावी, नंतर नव्हे. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेसाठी घरोघरच्या स्त्रिया मूठभर धान्य बाजूला काढीत, तो मुष्टिफंड आपण ऐकून आहात. ती मूठ वसतिगृहातल्या मुलांच्या पोटात जाणार, हे देणारीला पक्के ठाऊक असे. आपण मात्र ‘यथाशक्ती काहीतरी द्या’ म्हणतो आणि मग काहीतरीच मिळते. पत्रे किती, एकाची किंमत किती, हे सांगितले की माणूस दोन पत्रे आपल्या नावावर घेतो.

देणगीदारांना शाली पांघरण्याच्या प्रथेबद्दलही एकदा बोलायलाच हवे. गावातल्या प्रत्येक वयस्क माणसाच्या कपाटात अशा शालींची चळत पडलेली असते, आणि ज्याच्याकडून पैसे घेतले त्याच्याच पैशांतून त्याचा सत्कार करणे मला तरी विचित्र वाटते. त्यापेक्षा काम झाल्याचे एक पोस्टकार्ड पाठवावे.

रोख रकमेबाबत सावध राहावे. संस्थेकडे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी, ‘80जी’ म्हणून ओळखली जाणारी मान्यता असली, तरी 2000 रुपयांहून अधिक रोख दिल्यास देणगीदाराला त्या देणगीवर करसवलत मिळत नाही, मोठी रक्कम धनादेशाने किंवा थेट बँकेतूनच घ्यावी, आणि हे मागतानाच सांगावे.

आम्ही पदरमोड करून कपाट केले, हिरव्या रंगाचे. बाई आल्या, दोन्ही दारे उघडून प्रत्येक फळी हाताने दाबून पाहिली आणि मग पर्समधून चेकबुक काढले. पावती मी लिहू लागलो, तेव्हा ‘कशासाठी’ या रकान्यापाशी त्यांनी माझ्या हातातले पेन घेतले आणि ‘पत्र्यांसाठी’ हा शब्द स्वतः लिहिला.