चार डिस्क, त्यातल्या दोन गेलेल्या

हा लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलंय, पण ग्रँट रोड स्टेशनला उतरून कुणालाही विचारा, लॅमिंग्टनच म्हणतील. एलईडीच्या माळा, सीसीटीव्ही, केबलची भेंडोळी, आणि त्या गर्दीतून ही पिशवी चाललीय, आत टॉवेलमध्ये गुंडाळलेला आमचा चार हार्ड डिस्क एकत्र चालवणारा, बंद पडलेला डबा. गिरणी कामगारांच्या मुलाखती आहेत त्यात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा जे साच्यावर उभे होते त्यांच्या, लालबाग-परळच्या चाळींत जाऊन घेतलेल्या.

आधी एका ठिकाणी दाखवला तर ते म्हणाले रीबिल्ड मारून बघू, म्हणजे गेलेल्या डिस्कवरचं बाकीच्यांवरून परत लिहून काढू, होईल. आम्ही डबा उचलला आणि निघालो. आणि ते बरं केलं, कारण इथल्या, डेटा परत काढून देणाऱ्या दादांनी पहिला प्रश्न हाच विचारला, "कुणी रीबिल्ड दाबलं नाही ना?"

आता हा कागद बघा, बिलाच्या मागे दादा लिहितायत. तीन डिस्कवर १, ० आणि १. एक किती वेळा आला? दोनदा, म्हणजे सम, म्हणून चौथ्या डिस्कवर ०. ही पॅरिटी. आता मधलं ० बोटाने झाका, बाकीच्या तिघांवरून ते परत काढता येतं की नाही? येतं. आमचा डबा ज्या पद्धतीचा आहे ते रेड ५ एवढ्यावर चालतं, फक्त पॅरिटी एकाच डिस्कवर नसते, पाळीपाळीने सगळ्यांवर फिरते. रेडची मूळ कल्पना १९८८ ला बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी मांडली, स्वस्तातल्या डिस्क एकत्र बांधायच्या म्हणून. पण आता दोन बोटं ठेवा. दोन आकडे झाकले की गणित सुटत नाही.

आमचं तेच झालं होतं. दोन नंबरची डिस्क गणपतीतच गळाली होती, डबा बीप बीप करत होता आणि कुणीतरी आवाज बंद केला. मग पाच महिने तीन डिस्कवर चाललं आणि एक दिवस चार नंबर टकटक करायला लागली.

ही ती चार नंबर. काचेच्या आत, गाळलेल्या हवेखाली उघडलीय. आरशासारखी तबकडी, आणि तिच्यावर हेड, म्हणजे डेटा वाचणारं-लिहिणारं टोक, टेकत नाही, काही नॅनोमीटर वर तरंगतं, धुळीचा एक कण आला तरी संपलं. त्याच मॉडेलची दुसरी डिस्क शोधून तिचे हेड काढून इथे बसवतायत, चिमटा बघा, हात बघा, श्वास रोखून चाललंय सगळं.

हेड बसले तरी दादा फाइल शोधत नाहीत. आधी क्लोन, म्हणजे हुबेहूब कॉपी, चारही डिस्कचा. जे सहज वाचलं जातं ते आधी, अडलं की पुढे उडी, दुखरे भाग शेवटी. हे हिरवे चौकोन वाचलेले, लाल राहिलेले. मूळ डिस्कवर एक अक्षर लिहायचं नाही, पुढचं सगळं या कॉप्यांवर. डबा बंद पडला की बंदच ठेवा हो, परत परत चालू करू नका, दादा प्रत्येकाला हेच सांगतात.

मग जुळवाजुळव. कुठली डिस्क पहिली, एका डिस्कवर एका वेळी लिहिला जाणारा तुकडा केवढा, पॅरिटी कुठून कुठे फिरते. तुकडा निघाला ६४ केबीचा. छोटी फाइल उघडली म्हणून दादा खूश होत नाहीत, ती एका तुकड्यात मावत असेल तर क्रम चुकला तरी उघडते. हा मोठा फोटो बघा, वरची पट्टी साफ आणि खाली राखाडी चिंध्या. एक आणि तीनची अदलाबदल केली आणि हा बघा, पूर्ण.

तरी चार नंबरवर लाल चौकोन उरलेच. दोन नंबर तर शिळी, तिच्या नोंदीतला इव्हेंट काउंट, म्हणजे बदलांच्या नोंदीचा आकडा, मागे राहिलेला, ती घुसवली की नवीन-जुनं मिसळून सगळं नासतं. पण दादा म्हणाले, मुलाखती कधीच्या? पाच वर्षांपूर्वीच्या. त्यानंतर तिथे काही लिहिलंय? नाही. मग त्या जागेपुरती दोन नंबर शिळी कशी? तेवढ्या लाल चौकोनांसाठीच तिला घेतलं, एक, दोन आणि तीनवरून चारचं काढलं, बाकी सगळीकडे तिला बाहेरच ठेवलं. ही डोक्याची कामगिरी आहे, कुठल्या बटणाची नाही.

दोन नंबर गळाल्यानंतरच्या नवीन शूटिंगमधल्या काही क्लिप मात्र गेल्या.

ही फाइल नंबर ४१. लालबागची चाळ, मागे कुकरची शिट्टी, आणि बाबा तोंडाने गिरणीचा भोंगा काढून दाखवतायत.